कृष्णाकाठची दुसरी घरं

'गुरुचरित्रा'च्या सतराव्या अध्यायात करवीरच्या एका ब्राह्मणपुत्राची कथा आहे. आईबाप लहानपणीच गेलेले. मुंज झाली, पण गायत्री पाठ होईना, संध्या येईना. गावानं त्याला मूर्ख ठरवलं, कुळाला बट्टा लावणारा ठरवलं. ते टोचून बोलणं सोसवेना, तेव्हा पोर घर सोडून निघालं आणि कृष्णाकाठी भिलवडीला भुवनेश्वरीच्या देवळात येऊन पडलं. तीन दिवस उपाशी राहूनही देवी बोलेना, म्हणून त्यानं आपली जीभ कापून तिच्या पायाशी वाहिली. देवीनं स्वप्नात सांगितलं, नदीपलीकडे औदुंबराखाली एक यती बसले आहेत, त्यांच्याकडे जा. ते यती म्हणजे नृसिंहसरस्वती. त्यांनी मस्तकावर हात ठेवला; जीभ परत आली आणि विद्याही आली.

आज सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात असलेल्या या दोन गावांमधल्या कथेकडे भाविक गुरुकृपा म्हणून पाहतात. तिच्यात एक सामाजिक नोंदही आहे. बुद्धीनं मागे पडलेल्या मुलाला गाव सामावून घेत नाही आणि त्याला थारा मिळतो तो देवळात. कथेतला मुलगा बरा झाला. बरी न होणारी मुलं कथेत येत नाहीत, पण ती असणारच. नदीकाठच्या देवळांच्या ओवऱ्यांत, घाटांच्या पायऱ्यांवर आणि वारीच्या वाटांवर अशी माणसं शतकानुशतकं दिसत आली. एकनाथांच्या भारुडांत आंधळा, पांगळा, बहिरा आणि मुका अशी सोंगं येतात. ती अध्यात्माची रूपकं असली तरी ऐकणाऱ्यांच्या रोजच्या ओळखीची होती म्हणूनच रूपक पोचलं. सज्जनगडाच्या समर्थांनी दासबोधाच्या तिसऱ्या दशकात 'आध्यात्मिक ताप' सांगताना देहाच्या व्याधींची लांबच लांब यादी दिली आहे.

दत्तक्षेत्रांमध्ये 'सेवा' करण्याची रीत आहे. आजारी, बाधा झाली असं मानलेला किंवा मन ढळलेला माणूस घेऊन घरचे औदुंबरला किंवा खाली नरसोबाच्या वाडीला येतात, पुजाऱ्यांच्या घरी उतरतात, प्रदक्षिणा घालतात, तीर्थप्रसादावर राहतात. काही दिवस म्हणता म्हणता काही महिने जातात. मिरजेत ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याचाही असाच लौकिक. प्लेगमधून आपण वाचलो ते मीरासाहेबांच्या कृपेनं, अशी गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची श्रद्धा होती, असं सांगतात. मिरजेलाच लहानपणी डोळे अधू झालेले विष्णु दिगंबर पलुस्कर उपचारासाठी आले. दृष्टी पूर्ववत होईना, तेव्हा डॉ. भडभडे यांनी त्यांना गाण्याकडे वळवलं आणि ते बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकू लागले. पण असं भाग्य एखाद्याच्याच वाट्याला. बाकीच्यांना देवस्थान अन्न देई, सावली देई, आशा देई. कायमचं घर मात्र देत नसे. ती कल्पनाच वेगळी होती आणि ती या खोऱ्यात आली एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, आगगाडीच्या मागोमाग.

रकान्यातली माणसं

इंग्रज सरकारनं आधी मोजणी केली. १८८१ पासून १९३१ पर्यंतच्या जनगणनांमध्ये शारीरिक-मानसिक वैगुण्यांचा एक स्वतंत्र तक्ता असे. त्यात चार रकाने: वेडे, मुके-बहिरे, आंधळे आणि महारोगी. म्हणजे कुष्ठरोगाला सरकारनं रोगांच्या पंगतीत न बसवता अपंगत्वाच्या पंगतीत बसवलं होतं. त्या काळात ते वस्तुस्थितीला धरूनच होतं. हन्सेननं १८७३ मध्ये या रोगाचा जंतू शोधला, पण औषध नव्हतं. एकदा बोटं वाकडी झाली, तळपायाला भोकं पडली, पापणी मिटेनाशी झाली की ते जन्मभराचं.

मोजून झाल्यावर प्रश्न आला ठेवायचं कुठे. १८८९ मध्ये हवाई बेटांवर कुष्ठरुग्णांमध्ये राहणारे फादर दामियन त्याच रोगानं गेले आणि इंग्लंडमध्ये भीतीची लाट उठली. मुंबईत रस्त्यांवरच्या रुग्णांबद्दल तक्रारी वाढल्या, तेव्हा म्युनिसिपल कमिशनर हॅरी ॲक्वर्थ यांनी १८९० मध्ये माटुंग्याला बेघर कुष्ठरुग्णांसाठी आश्रम काढला. हेच ते ॲक्वर्थ, ज्यांनी शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासोबत मराठी पोवाडे जमवून १८९१ मध्ये छापले. त्याआधी कोकणात रत्नागिरीला दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून कुष्ठालय उभं राहिलं होतं.

पाठोपाठ १८९८ चा लेपर्स ॲक्ट आला. भीक मागणाऱ्या किंवा उदरनिर्वाहाचं साधन नसलेल्या कुष्ठरुग्णाला वॉरंटशिवाय पकडण्याचा अधिकार त्यानं पोलिसांना दिला; मग त्याला कुष्ठालयात डांबता येई. खाण्यापिण्याच्या वस्तू आणि कपडे विकायला तयार करणं, सार्वजनिक विहिरीचं पाणी भरणं अशा गोष्टींवरही त्यात बंदी घालता येत होती. कायद्याचा रोख गरिबावर होता. ऐपतदाराला घरातल्या मागच्या खोलीत लपून राहायची मोकळीक होती. सरकारनं जागोजाग कुष्ठालयं बांधली असंही नाही. कायदा सरकारचा आणि घर दुसऱ्या कुणाचं, अशी विभागणी झाली. ते दुसरं कुणी म्हणजे बहुतेक ठिकाणी ख्रिस्ती मिशन.

मिरज, १९००

कृष्णेच्या वरच्या अंगाला सातारा-वाईकडे अमेरिकन मराठी मिशनचं काम होतं. साताऱ्यात ते १८४९ पासून रुजलं होतं. खालच्या अंगाला कोल्हापुरात रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये आले आणि पुढे तिथलं काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेलं. याच मिशननं १८८९ मध्ये विल्यम जेम्स वानलेस या चोवीस वर्षांच्या डॉक्टरला सांगलीला पाठवलं. वानलेस मूळचे कॅनडातल्या ऑन्टॅरिओचे. सांगलीत दवाखाना घालून सुरुवात झाली आणि थोड्याच वर्षांत त्यांनी मुक्काम मिरजेला हलवला.

मिरज निवडण्यात व्यवहार होता. पुणे-बेळगाव रेल्वे तिथून जात होती आणि १८९१ मध्ये कोल्हापूरचा फाटाही मिरजेला येऊन मिळाला. पटवर्धनांच्या संस्थानाचा आश्रय होता. १८९४ मध्ये हॉस्पिटल सुरू झालं. मोतीबिंदू, मूतखडे, गाठी, शस्त्रक्रियेचा असा बोलबाला झाला की कर्नाटकातून, कोकणातून, मराठवाड्यातून लोक गाडीनं येऊ लागले. मिरजेला पुढे आरोग्यपंढरी म्हणू लागले त्याची सुरुवात इथली.

हॉस्पिटलचं नाव झालं की ज्यांना हॉस्पिटल ठेवून घेऊ शकत नाही तेही दारात येतात. कुष्ठरुग्ण असेच आले. त्यांना वॉर्डात घेतलं तर बाकीचे रुग्ण उठून जाणार. परत पाठवलं तर जाणार कुठे? गावानं वेशीबाहेर काढलेलं, घरानं मेलेल्यात जमा केलेलं. वानलेस यांच्यापुढे उत्तर तयार होतं, ते त्यांच्याच पंथाच्या वळचणीला जन्मलेलं. १८६९ मध्ये वेल्सली बेली नावाचा आयरिश शिक्षक पंजाबात अंबाल्याच्या अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या शाळेत नोकरीला होता. मिशनच्या पाद्र्यानं त्याला जवळची कुष्ठरुग्णांची झोपडवस्ती दाखवली आणि त्याच्या आयुष्याला तिथं वळण लागलं. १८७४ मध्ये डब्लिनला गेला असताना मित्रमंडळींपुढे तो बोलला. ओळखीच्या पिम भगिनींनी वर्षाला ३० पौंड जमवण्याचं कबूल केलं. 'मिशन टू लेपर्स' ही संस्था यातून उभी राहिली. तिची पद्धत सुटसुटीत होती: इमारतीला आणि रुग्णांच्या पोटापाण्याला पैसा तिनं द्यायचा, चालवायचं काम त्या त्या गावातल्या कोणत्याही मिशननं करायचं. त्यामुळे स्वतःची फार माणसं न पाठवता भारतभर तिची कुष्ठालयं झाली. महाराष्ट्रात परतवाड्याजवळ कोठाऱ्याला झालं, महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरल्यावर लागणाऱ्या पोलादपूरला झालं. मिरजेत १९०० मध्ये रिचर्डसन कुष्ठालय सुरू झालं.

ते वर्ष लक्षात घेण्याजोगं आहे. दुष्काळ होता, प्लेगनं ठाण मांडलं होतं. घरात धान्य नसलं की सगळ्यात आधी ज्याचं पान उचललं जातं तो काम न करू शकणारा. त्याच १९०० साली मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी अंध मुलांची शाळा काढली. तीच पुढे दादरची अंधशाळा. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आलेल्या मुलींत अंध मुलीही होत्या आणि रमाबाईंची मुलगी मनोरमाबाई त्यांना ब्रेल शिकवत. ही सगळी घरं एकाच आपत्तीनं आणि एकाच प्रेरणेनं उभी केली.

कुंपणाच्या आत

मिशन टू लेपर्सच्या कुष्ठालयांची बांधणी देशभर साधारण एकसारखी असे. गावापासून दूर जमीन, विहीर, रांगेनं खोल्या, मधे प्रार्थनामंदिर. बायकांची ओळ वेगळी, पुरुषांची वेगळी. ज्यांचे हात चालत ते शेतात, बागेत, विणकामात. ज्यांचे चालत नसत त्यांच्या जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, दोन वेळचं अन्न. ज्या समाजात या माणसाच्या सावलीचंही भय होतं तिथं रोज सकाळी कुणीतरी येऊन त्याचा पाय हातात घ्यायचं, ही गोष्ट मोठी होती. ती करायला त्या काळी पगार पुरला नसता; श्रद्धाच लागली. जखमा धुणारे हात बहुतेक वेळा परदेशी नव्हते, हेही सांगायला हवं. गोऱ्या डॉक्टरांची चरित्रं लिहिली गेली. कंपाउंडर, नर्स, स्वयंपाकी, पहारेकरी ही आपल्याच भागातली माणसं, आणि त्यांच्यातले बरेच स्वतः गावकुसाबाहेरून आलेले.

औषध होतं ते सह्याद्रीतच. कडू कवठ नावाचं झाड कोकणात आणि घाटात होतं; त्याच्या बियांचं तेल जुन्या वैद्यांनाही माहीत होतं. आधी ते पोटात देत, तर ओकाऱ्या होत. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत त्याची इंजेक्शनं निघाली. ती दुखत, गाठी येत, आणि गुण आला तर सुरुवातीच्या रोगाला. तरी रुग्ण ती घेत, कारण दुसरं काही नव्हतं.

या घरांची दुसरी बाजूही आहे. कुष्ठालयात जन्मलेलं मूल आईपासून वेगळं करून निरोगी मुलांच्या वसतिगृहात वाढवायचं, हा मिशनचा सर्वसाधारण नियम होता. हेतू मुलाला वाचवायचा. किंमत आईनं मोजायची. प्रार्थना, बायबलवाचन हा दिनक्रमाचा भाग होता. पोट, औषध आणि छप्पर ज्याच्या हातात आहे त्याच्या देवाला नाही म्हणणं किती जणांना जमलं असेल? कुणी मनापासून धर्म बदलला असेल, कुणी कृतज्ञतेनं, कुणी नाइलाजानं. बाहेर राहून ते वेगळं करून सांगता येत नाही. हा आक्षेप त्या काळीही घेतला गेला आणि स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेश सरकारच्या नियोगी समितीनं १९५६ मध्ये मिशनऱ्यांच्या सेवाकार्यावर तो लेखी नोंदवला. ज्यांनी आक्षेप घेतला त्यांच्यातल्या फार थोड्यांनी तोवर स्वतः कुष्ठरुग्णांसाठी घर बांधलं होतं, हेही तितकंच खरं.

वानलेस १९२८ मध्ये निवृत्त झाले, त्याच वर्षी सरकारनं त्यांना 'सर' केलं. १९३३ मध्ये अमेरिकेत ते वारले. १९२० मध्ये क्षयरुग्णांसाठी त्यांनी सांगली-मिरजेच्या मधे काढलेल्या आरोग्यधामाभोवती जी वस्ती झाली तिला आजही वानलेसवाडी म्हणतात.

दोन वसतिगृहं

त्याच काळात साताऱ्यात दुसऱ्या एका निवासी प्रयोगाला रूप येत होतं. भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. महार, मांग, मराठा, मुसलमान, जैन अशी सगळी मुलं एका छपराखाली, एका पंगतीला. भाऊरावांच्या या कामामागे गाडगे महाराज उभे होते. आंधळ्या-पांगळ्यांना, कुष्ठरुग्णांना अन्न-वस्त्र देणं हा ज्यांनी देवधर्माच्या जागी ठेवलेला धर्म होता, त्यांचं नाव पुढे कराडच्या कॉलेजला मिळालं.

साताऱ्याचं बोर्डिंग आणि मिरजेचं कुष्ठालय यांची तुलना विचित्र वाटेल, पण दोन्ही ठिकाणी माणसाला त्याच्या घरातून काढून दुसऱ्या घरात ठेवलं जात होतं. बोर्डिंगमधलं पोर चार-सहा वर्षांनी शिकून गावी परत जाई. जाताना गावाला थोडं बदलूनच टाकी. कुष्ठालयातला माणूस परत जात नसे. आत आल्यावर तो बाहेरच्यांच्या लेखी संपलाच. गावाला त्याच्यासाठी बदलावं लागत नव्हतं, उलट त्याच्या जाण्यानं गाव सुटकेचा श्वास घेई. श्रद्धेनं चालवलेल्या या घरांनी एका अर्थी समाजाची सोय केली.

मराठी मुलखात याला पहिलं निराळं उत्तर विदर्भातून आलं. विनोबांच्या प्रेरणेनं मनोहरजी दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम काढलं. सेवाग्रामात संस्कृत पंडित परचुरे शास्त्री रोगानं जर्जर होऊन आले, तेव्हा गांधीजी स्वतः त्यांना मालिश करत. १९४५ मध्ये सुधारून काढलेल्या विधायक कार्यक्रमात त्यांनी कुष्ठसेवेचं कलम घातलं. १९४६ मध्ये डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीत तपोवन उभं केलं. ही सगळी श्रद्धेचीच कामं. फक्त बायबलाच्या जागी गीता आणि प्रार्थनामंदिराच्या जागी सर्वधर्मप्रार्थना. १९४९ मध्ये बाबा आमट्यांनी आनंदवनात देवालाही बाजूला ठेवलं आणि श्रमाला केंद्र केलं. तिथला कुष्ठमुक्त माणूस शेती करू लागला, इमारती बांधू लागला. तरीही वसाहत वेगळीच राहिली. मिशन असो, गांधीवाद असो वा आमट्यांचा श्रमवाद, जागा सगळ्यांना गावाबाहेरच मिळाली.

घराची गरज संपते

मग औषध आलं. अमेरिकेत कार्व्हिल इथं १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला सल्फोन गटाच्या औषधाचा गुण दिसला. रॉबर्ट कॉक्रेन यांनी मद्रासजवळ चिंगलपेटला डॅप्सोन वापरून पाहिलं आणि काही वर्षांतच ही स्वस्त गोळी सगळीकडे पोचली. कडू कवठाचं तेल मागे पडलं.

दुसरा बदल समजुतीचा होता. वेल्लोरला पॉल ब्रँड या शल्यविशारदानं दाखवून दिलं की कुष्ठरोगात बोटं सडून गळत नाहीत. नसा मरतात, संवेदना जाते, आणि मग चटका, काटा, खडा काहीच कळत नसल्यानं माणूस नकळत स्वतःलाच इजा करत राहतो. रात्री उंदीर बोटं कुरतडून जात तरी जाग येत नसे. ब्रँड यांच्या रुग्णांना त्यासाठी मांजरं दिली गेली. त्यांनी स्नायुबंध दुसरीकडे जोडून आखडलेली बोटं सरळ केली. मऊ सूक्ष्मछिद्री रबराची चप्पल निघाली. कुष्ठकार्यातल्या लोकांच्या तोंडी ती 'एमसीआर चप्पल'. तळपायाच्या जखमेला हॉस्पिटलपेक्षा ती चप्पल जास्त उपयोगी पडली. हे सगळं ज्ञान मिशनच्या कुष्ठरुग्णालयांतून देशभर पसरलं. कुष्ठालयं आता हॉस्पिटलं होऊ लागली: यायचं, हात दुरुस्त करून घ्यायचा, जायचं. १९६५ मध्ये मूळ संस्थेनंही नाव बदलून 'लेप्रसी मिशन' केलं. मिरजेचा पसाराही त्या सुमारास वाढत होता. १९६२ मध्ये तिथं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झालं.

जागतिक आरोग्य संघटनेनं १९८१ मध्ये तीन औषधांचा एकत्रित उपचार सुचवला आणि भारतानं १९८३ मध्ये त्यावर आधारलेला राष्ट्रीय कार्यक्रम घेतला. सहा महिने किंवा वर्षभर गोळ्यांची पाकिटं घ्यायची. पहिल्या डोसानंतर लवकरच रुग्णापासून संसर्गाचा धोका जवळजवळ संपतो. १९८१ मध्ये देशात दर दहा हजारांत ५७ हून जास्त रुग्ण होते. डिसेंबर २००५ मध्ये हे प्रमाण एकाच्या खाली आलं. कुंपण, वेगळी विहीर, वेगळी ओळ यांतल्या कशालाच आता वैद्यकीय कारण उरलं नाही.

घरं तरीही रिकामी झाली नाहीत. बरं झाल्याचं प्रमाणपत्र खिशात असलेला माणूस गावी गेला आणि परत आला, ही गोष्ट कुष्ठकार्यात काम केलेला प्रत्येक जण सांगतो. जमीन भावानं नावावर करून घेतलेली. मुलीचं लग्न ठरायचं होतं. सून म्हणाली, भेटायला या, पण राहू नका. रोग गेला होता, आखडलेला पंजा राहिला होता, आणि लोक पंज्याकडेच पाहत होते. ज्यांना बंदिवास वाटला होता त्याच आवारात म्हातारपण काढायची वेळ अनेकांवर आली. तिथं निदान ताट लपवून ठेवायला लागत नव्हतं.

कायदाही सावकाशच शहाणा झाला. मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्यानं १९५९ मध्येही कुष्ठरुग्ण भिकाऱ्यासाठी अटकावाची वेगळी तरतूद केली होती. १९९५ च्या अपंग कायद्यानं 'कुष्ठमुक्त' व्यक्तीला अपंगत्वाच्या सात प्रकारांत स्थान दिलं. जनगणनेच्या तक्त्यात शिक्का म्हणून लागलेली नोंद आता हक्क म्हणून आली. १८९८ चा लेपर्स ॲक्ट मात्र रद्द व्हायला २०१६ साल उजाडलं आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण पाच कायद्यांमधून निघालं ते २०१९ मध्ये.

श्रद्धेचा हिशेब

या सव्वाशे वर्षांचा हिशेब एका बाजूनं मांडता येत नाही. श्रद्धेनं काय बिघडवलं हे सांगणारा मोठा आवाजही याच मातीतला. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी अठरा वर्षं ज्या जादूटोणाविरोधी कायद्याचा पाठपुरावा केला तो त्यांच्या खुनानंतर, २०१३ च्या अखेरीस झाला. त्याच्या अनुसूचीत एक कलम असं आहे की मतिमंद व्यक्तीच्या अंगी अलौकिक शक्ती असल्याचं भासवून तिचा धंद्यासाठी वापर करणं हा गुन्हा. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं हाही गुन्हा. हे कलम कशासाठी लागलं, हे गावोगावच्या जत्रा पाहिलेल्यांना विचारायला नको. ऑगस्ट २००१ मध्ये तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळच्या निवासात आग लागली, तेव्हा साखळीनं बांधलेले मनोरुग्ण पळूही शकले नाहीत. पंचवीसहून जास्त जण होरपळून मेले. देवाच्या नावानं चालणाऱ्या घराचीही तपासणी झाली पाहिजे, हा धडा देशानं तिथं घेतला.

दुसऱ्या टोकाला बेल्जियममधलं गील हे गाव आहे. मनोरुग्णांची संरक्षक मानलेल्या संत डिम्फनाच्या चर्चला मध्ययुगापासून रुग्ण येत. चर्चच्या आवारात जागा पुरेना, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना आपापल्या घरी ठेवून घेतलं, आणि ती प्रथाच झाली. १९३८ मध्ये तिथल्या कुटुंबांत साडेतीन हजारांहून जास्त रुग्ण राहत होते. आपल्याकडे नरसोबाच्या वाडीला पुजाऱ्याच्या घरी उतरणारा सेवेकरी याच वाटेवरच्या पहिल्या पायरीवर होता, असं मला वाटतं. आपण ती वाट पुढे नेली नाही. उपचार आधुनिक झाले तसं आपण घराकडून धामाकडे गेलो, आणि माणसाला सांभाळायचं म्हणजे त्याला आधी वेगळं काढायचं, ही रीत पक्की झाली.

आज सातारा-सांगलीत मतिमंद, बहुविकलांग, अंध आणि निराधार वृद्ध यांच्यासाठी चालणारी निवासी केंद्रं पाहिली, तर त्यांतल्या अनेकांच्या मागे कुठला तरी मठ, ट्रस्ट, चर्च किंवा संप्रदाय आढळतो. सरकारी अनुदान येतं, रखडतं. संस्था तगतात त्या श्रावणातल्या देणग्यांवर, वाढदिवसाच्या जेवणांवर आणि पगाराकडे न पाहता थांबणाऱ्या दोन-चार माणसांवर. आईबापांना तिथं मूल ठेवताना सुटल्यासारखंही वाटतं आणि अपराधीही. आपल्यामागे याचं कोण, या प्रश्नाला सध्या तरी दुसरं उत्तर जवळपास मिळत नाही. अशा केंद्रांना नावं ठेवणं सोपं आहे. ती बंद पडली तर त्या मुलांना घेऊन आपण कुठे जाणार आहोत, याचं उत्तर आधी दिलं पाहिजे.

पण मिरजेच्या इतिहासातून एक कसोटी मिळते आणि ती प्रत्येक केंद्राला लावता येते. इथून परत किती जण गेले? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं पाचवं कलम सांगतं की दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे आणि अमुक एका व्यवस्थेतच राहा अशी सक्ती तिच्यावर करता येणार नाही. महाराष्ट्रानं डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभागही केला. कागदावर सगळं आहे. प्रत्यक्षात मात्र देणगी मिळते ती नव्या इमारतीला, कारण तिच्या भिंतीवर दात्याच्या नावाची फरशी बसवता येते. बरा झालेल्या किंवा शिकून तयार झालेल्या माणसाला त्याच्या गल्लीत खोली घेऊन द्यायला, शेजाऱ्यांशी बोलायला, आठवड्यातून दोनदा कुणीतरी डोकवायला जाणारा कार्यकर्ता नेमायला पैसे मागितले की पावतीपुस्तक हलत नाही. १९०० साली जखम धुवायला जी श्रद्धा लागली, तितकीच आता या कामाला लागणार आहे. कुंपणाच्या आतली सेवा आपल्या देवस्थानांना आणि मिशनांना चांगली साधली. कुंपणाबाहेरची सेवा त्यांनी अजून हातात घ्यायची आहे, आणि ती एकट्या त्यांना जमणारीही नाही, कारण तिचा निम्मा भाग शेजाऱ्यांच्या उंबऱ्याच्या आत आहे.